बारा पस्तीस

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन झालं. परीक्षक म्हणून मला बोलावणं होतं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला विज्ञानातलं सगळंच कळत असणार असा तालुक्यात एक समज आहे, आणि तो मोडून काढायचा मीही कधी फारसा प्रयत्न केलेला नाही. फेटा, शाल, नारळ, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं भाषण, मग पोहे-चहा. दहाचा कार्यक्रम साडेअकराला सुरू झाला. हॉलमध्ये थर्माकोल, फेव्हिकॉल आणि पोरांचा घाम यांचा मिळून एक वास कोंडला होता. दर प्रदर्शनात तो असतोच. इंजेक्शनच्या सिरिंजांवर चालणारा जेसीबी होता, खायच्या सोड्याचा ज्वालामुखी होता, ठिबक सिंचन होतं. हात पुढं केला की झाकण उघडणारा कचऱ्याचा डबा तर दोन वेगवेगळ्या शाळांचा, पण जुळ्या भावांसारखा एकसारखा होता, कारण दोन्हींचं किट एकाच दुकानातनं आलेलं. "नमस्कार, माझ्या उपकरणाचे नाव..." अशी सुरुवात करून पोरं एका दमात सगळं म्हणून टाकत. मध्येच काही विचारलं की गाडी थांबायची आणि पुन्हा "नमस्कार"पासून सुटायची.

ती मुलगी हॉलमध्ये नव्हतीच. बाहेर, पाण्याच्या टाकीपलीकडं, उन्हात उभी होती. जिल्हा परिषदेच्या शाळेतली, सातवीतली. तिच्या 'उपकरणा'त जमिनीत ठोकलेला एक लोखंडी गज, शिंप्याकडची टेप, एक वही आणि एक ओळंबा, एवढंच होतं. वडील गवंडीकाम करतात. गज कुठल्या तरी स्लॅबमधनं उरलेला, ओळंबा घरचाच. गज जमिनीवर बरोबर एक मीटर उरेल असा ठोकलेला, आणि तो सरळ आहे ना हे दोन बाजूंनी ओळंबा धरून तिनं मला दाखवलं. हॉलमधल्या एकाही पोरानं मला काही सरळ आहे का ते दाखवलं नव्हतं. एक तारखेपासून सहा तारखेपर्यंत दर दहा मिनिटांनी तिनं गजाची सावली मोजली होती. रविवारी घरी, बाकी दिवस शाळेत मधल्या सुट्टीच्या अलीकडं-पलीकडं. वहीत तक्ता होता: १२ वाजता साडेसत्त्याऐंशी सेंटिमीटर, १२:१० ला शहाऐंशी, १२:२० ला पंच्याऐंशी, १२:३० ला साडेचौऱ्याऐंशी, १२:४० ला पुन्हा साडेचौऱ्याऐंशी, आणि मग १२:५० पासून परत वाढ.

"मग सगळ्यात आखूड सावली कधी?" मी विचारलं.

"बारा पस्तीसला, सर. साडेबारा आन् बारा चाळीसला सारखीच येती, म्हून मधली धरली."

"बाराला नाही?"

"न्हाई सर. बाराला लांब असती."

इथं मी जे बोललो ते तेव्हा मला बोलल्यासारखंही वाटलं नाही. जेवणाची वेळ होत आली होती, अजून चौदा उपकरणं बघायची होती, सोबतचे परीक्षक घड्याळाकडं बघत होते. मी हसून, अगदी प्रेमानं म्हणालो, "अगं, बाराला सूर्य डोक्यावर असतो ना? मग सावली बाराला आखूड यायला हवी. घड्याळ मागंपुढं असेल. बघ बरं बाळा परत एकदा." तिनं तक्त्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "हो सर," म्हणाली. त्या वेळी सव्वाबारा वाजले असतील. गजाची सावली माझ्या बुटापाशी पडली होती आणि अजून आखूड होत होती. मी खाली बघितलं नाही. तीही बघत होती माझ्याच तोंडाकडं.

जेवणानंतर निवडलेल्या दहा-बारा उपकरणांची दुसरी फेरी होती. तिचं नाव मीच सुचवलं होतं. वही उघडली तर तक्त्यावर व्हाइटनरचे पांढरे ठिपके, अजून पुरते वाळलेले नव्हते. कुणाकडनं तरी मागून आणला असणार. ठिपक्यांवर नवे आकडे. साडेचौऱ्याऐंशी आता बाराच्या समोर होते, बाकीचे दोन्हीकडं नीट उतरत्या भाजणीनं लावलेले. "दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर असल्यामुळे सावली सर्वात लहान असते," ती म्हणाली. सकाळी 'येती' म्हणणारी मुलगी आता 'असते' म्हणत होती. सोबतचे परीक्षक म्हणाले, "आता बरोबर आहे." तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. गुणपत्रिकेवर 'वैज्ञानिक दृष्टिकोन' या रकान्यात दहापैकी आठ आहेत, आणि खाली माझी सही.

घरी आल्यावर हातपाय धुतले, चहा घेतला आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब मांडायला उभा राहिलो. रोज करतो. त्या दिवशी नजर चौकटीतल्या बारीक अक्षरांवर गेली: मुंबईचा सूर्योदय सव्वासातच्या आसपास, सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास. दोन्हींच्या मधोमध काय येतं? पाऊण येतो. बारा नव्हे. हे कॅलेंडर मी जन्मभर बघत आलोय, एकादशी आणि संकष्टी बघायला, गॅसचा नंबर लावल्याची तारीख लिहायला. दिवसाचा मध्य बाराला पडत नाही हे त्यात रोज छापून येत होतं. आणि डोक्यावरचं म्हणाल, तर जानेवारीत आमच्याकडं सूर्य कुठल्याच वेळी डोक्यावर नसतो; एक मीटरच्या गजाची चौऱ्याऐंशी सेंटिमीटर सावली पाडणारा सूर्य डोक्यावर कसा असेल? हे तिच्या वहीतल्या आकड्यांवरनं दुसरीतल्या पोरालाही दिसलं असतं. तिला दिसत होतंच.

चहा निवला.

आमचं गाव माणदेशात. उन्हाबद्दल आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही असं आम्ही म्हणतो. माझी आजी घड्याळ वापरत नसे. सोप्याच्या पायरीची सावली अंगणातल्या तिसऱ्या फरशीला टेकली की ती भाकरी थापायला बसायची, चुलीपुढची राख ओढायची. आणि ती फरशी उन्हाळ्यात वेगळी, थंडीत वेगळी, हे तिला पाठ होतं. आजोबा मुंबईला गिरणीत होते, तेव्हा साताऱ्याकडच्या घरटी एक माणूस असायचाच गिरणीत. ते 'जुना टाइम' आणि 'नवा टाइम' असा शब्द वापरायचे, आणि आम्ही पोरं हसायचो. भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ ला आली, पण मुंबईनं स्वतःची वेळ लगेच सोडली नाही. 'बॉम्बे टाइम' प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागं होता आणि तो १९५५ पर्यंत चालला. आपला मध्यान्ह सरकारनं ठरवायचा नाही असाच काहीसा तो हट्ट असावा. म्हणजे आजोबांच्या तरुणपणी त्याच शहरात दोन वेळा नांदत होत्या, आणि कामगाराला कुठली विचारायची हे माहीत असावं लागे. पोरीचं 'बारा पस्तीस' मला ऐकूनच ओळखीचं वाटायला हवं होतं. आजीनं तर ते फरशीवरनं सांगितलं असतं.

पण मी शाळा शिकलो होतो. शाळेत बारा म्हणजे बारा.

माझ्या शाळेत विज्ञानाचं एक काचेच्या दारांचं कपाट होतं. आत एक सूक्ष्मदर्शक, त्याच्यावर फडकं. एक चंचुपात्र, काही परीक्षानळ्या, फॉर्मालीनमध्ये पिवळा पडलेला एक बेडूक. किल्ली मुख्याध्यापकांच्या कमरेला. पाच वर्षांत ते कपाट माझ्या आठवणीत चार वेळा उघडलं, त्यात दोनदा तपासणी होती. "हात लावू नका, फुटेल," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पुढं शिक्षक झाल्यावर ते माझ्याच तोंडातनं आपोआप यायला लागलं. एकदा मात्र सरांनी मेणबत्तीचा प्रयोग केला. ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर पेला पालथा. मेणबत्ती विझली, पाणी पेल्यात चढलं, आणि सर म्हणाले, बघा, हवेतला पाचवा भाग ऑक्सिजन, तो जळून संपला, म्हणून पाणी बरोबर तेवढं चढलं. पहिल्या बाकावर वाडीवरचा एक मुलगा बसायचा, सकाळी शेरडं सोडून दोन मैल चालत यायचा. तो म्हणाला, "सर, आधी बुडबुडं भाईर आलं." सर म्हणाले, "कुठं आले?" तो म्हणाला, "पेल्याच्या कडंनं. मग मेणबत्ती इझली." सर म्हणाले, "तू पाण्याकडं बघ, बुडबुड्यांकडं बघू नको." वर्ग हसला. मीही हसलो.

कितीतरी वर्षांनी, रसायनशास्त्रात पदवी घेऊन झाल्यावर, मला कळलं की त्या प्रयोगात बघायचं ते बुडबुड्यांकडंच. मेणबत्तीनं तापलेली हवा फुगते, कडेनं बाहेर पडते, विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि पाणी वर ओढलं जातं. मेणबत्ती विझते तेव्हा आत ऑक्सिजन बराच शिल्लक असतो, आणि जळून झालेला कार्बन डायऑक्साइडही तिथंच असतो. 'बरोबर पाचवा भाग' हा निव्वळ योगायोग, आणि पेला बदलला की तो योगायोगही येत नाही. वर्गात पन्नास पोरं होती. बुडबुडे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आले होते. ते दिसले एकाला. तो मुलगा नववीत शाळा सोडून गेला. त्या दिवसामुळे गेला असं मी म्हणणार नाही. दुष्काळाचं साल होतं, शेरडं विकली होती, घरचे सगळे ऊसतोडीला गेले. पण 'तिकडं बघू नको' हे शिकायला मी मात्र राहिलो, आणि ते चांगलं शिकलो.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत ज्यांनी टायट्रेशन केलंय, म्हणजे खुणांच्या नळीतनं, ब्युरेटमधनं, थेंबथेंब द्रावण सोडून मोजलंय, त्यांना 'सी.बी.आर.', म्हणजे 'कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग', सांगायला नको. ब्युरेटचं रीडिंग तीनदा घ्यायचं आणि स्थिर आलं की ते धरायचं. प्रत्यक्षात काय होतं? पहिली बॅच बाहेर येते, दुसरी दारात उभी असते, आणि कुजबूज होते, "किती येतंय?" "नऊ पॉइंट आठ." मग चाळीस पोरांच्या चाळीस जर्नलांत तीन-तीनदा ९.८, ९.८, ९.८. ज्याला खरंच १०.३ आलं, कारण त्याची पिपेट टोकाला फुटकी होती, तो खोडरबर मागतो. लंबकाच्या प्रयोगात तर आम्ही विद्यार्थी असताना आधी उत्तर लिहायचो, मग उलटं गणित करून दोलनांचे सेकंद भरायचो. गंमत म्हणजे त्याला आम्ही 'रीडिंग बसवणं' म्हणत असू, जणू डोक्यावर टोपी बसवावी तसं. आणि मी तीस वर्षं मास्तर म्हणून त्या बसवलेल्या रीडिंगांना गुण दिले. १०.३ वाल्याला विचारलं असतं, पिपेट दाखव बघू, तर त्या दिवशी त्या वर्गात रसायनशास्त्र झालं असतं. पण प्रात्यक्षिकाचे तास मोजके, बाहेरचे परीक्षक येणार, आणि आकडा जुळला की सगळेच सुटतात.

वेगळ्या आलेल्या आकड्यापासनं शिकवता येत नाही, असं नाही. शेजारीच मध्य प्रदेशात ते झालंय. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा सरकारी उच्च प्राथमिक शाळांत एक विज्ञान कार्यक्रम सुरू झाला आणि पुढं तो जिल्हाभर पसरला. सहावी ते आठवीची खेड्यातली पोरं चार-चारच्या टोळ्या करून स्वतः प्रयोग करायची, शेतात जाऊन पानं-मुळं बघायची, आपापले तक्ते भरायची, आणि सगळ्या टोळ्यांचे आकडे फळ्यावर मांडून वर्ग त्यावर भांडायचा. वेगळे आकडे आले की तिथं धडा सुरू व्हायचा. परीक्षा पुस्तक उघडून द्यायची, वर एक प्रात्यक्षिक. पोरांनी पत्रानं विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यायला 'सवालीराम' नावाचं एक काल्पनिक पात्र होतं. आपल्या पुण्यातल्या टेल्कोत इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा काढून तिथं गेले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतनं त्यांनी जे काही उभं केलं ते पुढं 'आयुका'त, पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात, आलेल्या शेकडो पोरांनी हाताळलं. तीस वर्षं चाललेला तो कार्यक्रम २००२ मध्ये राज्य सरकारनं बंद केला. का, यावर बरंच लिहिलं गेलंय. मला मात्र तो बंद झाला यापेक्षा तीस वर्षं चालला याचंच नवल वाटतं. शेकडो सरकारी मास्तर तीस वर्षं पोरांसमोर 'मलाही माहीत नाही, करून बघू' असं म्हणू शकले! मला ते वाक्य एका दुपारीही जमलं नाही.

आणि महाराष्ट्रातही, त्याच सत्तरच्या दशकात, मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची माणसं जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या आसपासच्या प्राथमिक शाळांत जाऊन बसली होती. त्या केंद्राच्या व्ही. जी. कुलकर्णींनी एक साधी गोष्ट दाखवून दिली, की खेड्यातल्या पोरांची अडचण कित्येकदा विज्ञानाची नसतेच, पुस्तकातल्या मराठीची असते. भाषा सोपी केली की तीच पोरं पुढं सरकतात. 'पाणी आटतं' हे ज्या पोरीला चुलीपुढं बसून रोज दिसतं, ती 'बाष्पीभवन म्हणजे काय' या प्रश्नावर गप्प बसते. हे वाचलेलं मला पूर्वीही आवडलं होतं, अशा गोष्टी भाषणात वापरायला बऱ्या असतात. पण 'येती'चं 'असते' होताना मी समोर उभा होतो आणि मला वाटलं, आता कसं, शुद्ध बोलायला लागली.

चार दिवस हे डोक्यात फिरलं. बायको म्हणाली, "एका पोरीच्या वहीचं काय एवढं? बक्षीस दिलंत ना?" तेच तर होतं. शेवटी मी गणित मांडलं. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्ताची, म्हणजे मिर्झापूरच्या बाजूची. आमचं गाव साधारण ७४.६ अंशांवर. फरक जवळपास आठ अंशांचा. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं. म्हणजे मिर्झापुरात मध्यान्ह झाल्यावर आमच्याकडं व्हायला ३२ मिनिटं. बारा बत्तीस! पोरीचं बरोबर होतं. तीन मिनिटांचा फरक उरत होता, पण टेप शिंप्याची, सावलीची कड नेहमी पुसट, त्यात मध्यान्हाच्या आसपास सावली इतकी सावकाश हलते की दहा मिनिटांत मिलिमीटरभर फरक पडला तर पडला. तीन मिनिटं इकडंतिकडं व्हायचीच. कॅलेंडरातही मुंबईचा मध्य ३९ मिनिटांऐवजी पाऊण तासाला येत होता. ती जास्तीची सहा मिनिटं मी छापणाऱ्याच्या नावावर घातली आणि मोकळा झालो.

मग पोस्टकार्ड आणलं. पन्नास पैशाचं पोस्टकार्ड अजून मिळतं, फक्त पोस्टातल्या मुलीला ते शोधायला दोन कप्पे उघडावे लागले. शाळेच्या सरांना फोन करून सांगता आलं असतं, पण मला जयंत नारळीकर आठवत होते. सही मागायला आलेल्या मुलांना ते सांगत, की पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर पाठवीन, त्याच्याखाली सही असेल. सही घेण्यासाठी का होईना, पोराला आधी प्रश्न पडला पाहिजे. इथं प्रश्न तिनं आधीच घातला होता आणि चुकीचं उत्तर मी दिलं होतं, तेव्हा कार्ड माझ्याकडनंच जायला हवं होतं. मी लिहिलं: तुझं मोजमाप बरोबर होतं, बाराचं माझं बोलणं चूक. मग रेखावृत्ताची आठ अंशांची गोष्ट. मग, 'खरा आकडा १२:३२, तुझी तीन मिनिटं मोजण्यातली आहेत, ती गेली नाहीत तरी चालेल.' आणि कोपऱ्यात उरलेल्या जागेत एक जुनी युक्ती सांगितली: गजाभोवती दोरीनं एक रिंगण काढ. सावलीचं टोक सकाळी आत येताना रिंगणाला कधी टेकतं आणि दुपारी बाहेर जाताना कधी टेकतं ते बघ, दोन्हींची मधली वेळ काढ. सगळ्यात आखूड सावली शोधत बसण्यापेक्षा हे नेमकं येतं. आपल्याकडं शुल्बसूत्रांच्या, म्हणजे यज्ञवेदी बांधायचं गणित सांगणाऱ्या जुन्या ग्रंथांच्या, काळापासून पूर्व-पश्चिम काढायला हेच करत. कार्ड पेटीत टाकलं आणि फार हलकं वाटलं. उदार झाल्यासारखं वाटलं, खरं तर.

उत्तर आलं ते फेब्रुवारीच्या मध्यावर, तिच्या सरांच्या व्हॉट्सअॅपवरनं. त्या सरांना मी प्रदर्शनात ओझरतं बघितलं होतं. दोन वर्ग एकत्र सांभाळतात, पोषण आहाराचा हिशोब त्यांच्याकडं, ऑनलाइन माहिती भरायची ती त्यांच्याकडं. या पोरीला त्यांनी मदत अशी काही केली नव्हती. "कर तुला काय करायचं ते," एवढंच म्हणाले होते, आणि अख्ख्या प्रदर्शनात तेवढं वाक्य मिळालेलं ती एकटीच असावी. फोटोखाली त्यांनी लिहिलं होतं, 'सर, पोरगी ऐकत नाही. रोज उन्हात. तिच्यामुळं आता अजून पाच जणी.' फोटो वहीच्या पानाचा. निळं पेन, ठळक, थोडं उजवीकडं झुकलेलं अक्षर.

'ती. सर यांस, सा. न. तुमचे कार्ड मिळाले. रिंगण काढले. १२ फेब्रुवारी, सावली सकाळी १०:४० ला टेकली. दुपारी २:५० ला टेकली. मधली वेळ १२:४५ येते. १३ तारखेला पण १२:४५ आली. १४ ला ढग होते. बाबांनी गज ओळंब्यात बघितला, सरळ आहे. आईचा मोबाइल आणि सरांचा मोबाइल दोन्हीत वेळ एकच आहे. सर, १२:३२ येत नाही. १२:३५ पण येत नाही. माझी काही चूक असल्यास माफ करावे.'

मी ते पान मोठं करून करून बघितलं. कुठंही पांढरा ठिपका नव्हता.

तेरा मिनिटं शिंप्याच्या टेपवर ढकलता येत नाहीत. मग बसलो, वाचलं, आणि रसायनशास्त्राच्या माणसाला जे कधी लागलंच नव्हतं ते वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं. सूर्य घड्याळासारखा चालत नाही. पृथ्वीची वाट लंबवर्तुळाची. जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सगळ्यात जवळ असते आणि तेव्हा जोरात पळते. त्यात तिचा आस साडेतेवीस अंश कललेला. दोन्ही मिळून खरा मध्यान्ह वर्षभर घड्याळाच्या मागं-पुढं डुलत राहतो: फेब्रुवारीच्या मध्यास १४ मिनिटं मागं, नोव्हेंबरच्या सुरुवातीस १६ मिनिटं पुढं. आमच्या गावात वर्षभरात तो सव्वाबारापासून पाऊणपर्यंत हिंडतो. फेब्रुवारीच्या मध्यात ३२ आणि १४, म्हणजे १२:४६. पोरीचं १२:४५. आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूर्य चार-पाच मिनिटं मागं होता. म्हणजे तेव्हा खरा आकडा १२:३६ च्या आसपास. तिनं शिंप्याच्या टेपनं, पुसट कडेवरनं, १२:३५ काढलं होतं. जी तीन मिनिटं मी कार्डावर 'मोजण्यातली' म्हणून मोठ्या मनानं माफ केली ती सूर्याची होती. कॅलेंडरातली सहाही त्याचीच. प्रदर्शनात तिनं माझ्या सांगण्यावरनं व्हाइटनर फिरवला होता. कार्डावर तो मी माझ्या हातानं फिरवला, आणि वर सही केली.

पोस्टातनं दुसरं कार्ड आणलंय. त्यावर 'चि.' लिहिलंय, पुढं 'चूक तुझी नाही' एवढं लिहून पेन थांबलं. तीच चाल होती परत: मी वाचायचं, मी सांगायचं, तिनं 'हो सर' म्हणायचं. नोव्हेंबरात सव्वाबारा येतो हे मी लिहून टाकलं तर ती नोव्हेंबरपर्यंत कशाला मोजेल? आणि न लिहावं तर दोनदा तोंडावर पडलेला मास्तर आता गुपित राखून बसल्यासारखं होतंय. कार्ड तसंच टेबलावर ठेवलं, त्यावर चष्म्याचं घर.

आज सकाळी गच्चीवर गेलो. टाकीच्या बांधकामातला एक गज होता, तो जुन्या कुंडीत वाळू घालून उभा केला. ओळंबा नव्हता, दोरीला कुलूप बांधून बघितलं तर गज चांगला बोटभर कललेला निघाला, सरळ करण्यात अर्धा तास गेला. पोरीनं हे सहा दिवस केलं होतं. खडूनं रिंगण काढलं. सावलीचं टोक जवळ येऊ लागलं तसा ओणवा होऊन बसलो, आणि कळलं की टोक असं काही नसतंच, एक करडी, थरथरणारी कड असते आणि 'आता टेकली' हे आपल्यालाच ठरवावं लागतं. १०:४३ म्हणावं की १०:४४, यावर मी स्वतःशीच भांडलो आणि ४३ लिहिलं. मग चार तास काही करायचं नव्हतं. ऊन चढलं, खालच्या बोळातनं भाजीवाला गेला, कबुतरं येऊन रिंगणात बसली ती हाकलली. दीडच्या सुमारास जिन्यातनं आवाज आला, "अहो, जेवायला येताय ना?"

"तू जेव," मी म्हटलं. "मला पावणेतीन वाजतील."